मर्यादवेलीच्या आंतलें घर

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली तो बहुधा देशावरचा असावा. तो मालवणच्या किनाऱ्यावरचा असता, तर ‘घर पाहावें राखून’ असें म्हणाला असता. कारण या किनाऱ्यावर घर एकदां बांधून भागत नसे. तें दरवर्षीं थोडथोडें पुन्हां बांधावें लागे. वैशाख सरत आला, समुद्राच्या कडेवर पहिले काळे ढग दिसूं लागले, कीं घरोघर छपराला शिड्या लागत. फुटके नळे बदलून बाकीचे परतले जात, कुजलेला पेंढा उतरवून नवा घातला जाई, पडवीच्या वाऱ्याकडील अंगाला झावळ्यांच्या झडी बांधल्या जात, आणि मगच घरधनी नांगराकडे वळे. या वार्षिक डागडुजीला कोणीं कला म्हटलें नाहीं कीं शास्त्र म्हटलें नाहीं. परंतु किनाऱ्यावरील राहणीचा इतिहास उलगडूं लागलें, कीं त्याचा धागा या डागडुजीपाशींच येऊन पोहोंचतो.

अलीकडे शहरांतून निसर्गाला धरून घर बांधण्याची आणि साधेपणानें राहण्याची भाषा पुष्कळ ऐकूं येते. मातीच्या भिंती, उतरतीं छपरें, सारवलेलें अंगण यांचीं चित्रें दिवाणखान्यांत लागतात. सुटीच्या दिवसांत एखादें कुटुंब मुंबई-पुण्याहून तारकर्लीस जातें, माडांच्या सावलींतील एखादें जुनें घर पाहून हरखतें, आणि शेजारींच उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या सपाट छपराकडे पाहून विचारतें, ‘इथले लोक आतां तशीं घरें कां बांधत नाहींत?’ प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र सरळ नाहीं. त्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

तारकर्ली हें गांव मालवणच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरांवर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि दोहोंच्या मध्यें वाळूचा अरुंद पट्टा. हा पट्टा दक्षिणेकडे निमुळता होत देवबागच्या टोकाशीं संपतो आणि तेथें नदी समुद्राला मिळते. ही जमीन म्हणजे नदीनें आणलेली व लाटांनीं रचलेली वाळू; समुद्रानें जें दिलें तें तो केव्हांहि परत मागूं शकतो, ही जाणीव तेथील रहिवाशांना कोणीं शिकवावी लागली नाहीं. भरतीच्या रेषेच्या वर, वाळूच्या उंचवट्यावर, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा कोठें संपते हें ती दाखविते आणि आपल्या मुळ्यांनीं वाळू धरूनहि ठेवते. तिच्या आंत केवडा व उंडी, त्यांच्या आंत माड, आणि माडांच्या आडोशाला घर, असा जुन्या वस्तीचा क्रम असे. मच्छीमारांच्या होड्या व जाळीं ठेवण्याच्या खोपी सोडल्या, तर थेट समुद्राच्या तोंडावर घर बांधण्याची हौस जुन्या काळीं क्वचितच कोणाला होती. समुद्राचें दर्शन ही तेव्हां पैसे देऊन विकत घेण्याची वस्तु नव्हती. समुद्र हा रोजच्या कामाचा आणि रोजच्या भीतीचा भाग होता.

वाळूवरचें आद्य घर माडानेंच दिलें. माडाच्या खोडाचे खांब व वांसे, पोफळीच्या फाळलेल्या रिपा, काथ्याचें सुंभ आणि वर झापा, एवढी त्याची सामग्री. झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरून, पाण्यांत भिजवून, तिचीं पातीं एकमेकांत विणलीं म्हणजे झाप तयार होते. सुंभासाठीं नारळाचीं सोडणें खाडीच्या चिखलांत महिनोन्‌महिने कुजत घालावीं लागत. मग तीं झोडपून, धुऊन, वाळवून काथ्या निघे आणि हातानें वळला जाई. लोखंडी खिळा या घरांत फारसा नसेच. खाऱ्या वाऱ्यानें खिळा गंजतो. सुंभ मात्र वाऱ्याच्या ताणाबरोबर थोडें हलतें आणि टिकतें. मोठें वादळ आलें तर असें घर उडून जाई. परंतु त्याच्या हलक्या छपराखालीं माणूस सहसा चिरडत नसे, आणि चार शेजाऱ्यांचे हात लागले कीं थोड्याच दिवसांत तें पुन्हां उभें राही. जेथें पायाखालची जमीनच हलती, तेथें हलकें घर हें शहाणपणाचें होतें.

या शहाणपणाचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. झाप वर्ष-दोन वर्षांत कुजते, एका ठिणगीनें पेटते, आणि आषाढांतील रात्रीं तिच्याखालीं झोपलेल्या मुलांच्या अंगावर पाणी गळतें. ज्याच्यापाशीं दुसरें घर बांधण्याची ऐपत होती, तो झापेच्या घरांत स्वखुशीनें राहिल्याचें उदाहरण विरळा. तें साधेपण पुष्कळदां निवडलेलें नव्हतें. तें वांट्याला आलेलें होतें.

निसर्गाची मर्यादा ओळखून बांधण्याचा विचार मात्र केवळ झोपडीपुरता राहिला नाहीं. तारकर्लीपासून थोड्याच अंतरावर, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर, शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला आणि सुमारें तीन वर्षांत दुर्ग उभा राहिला. चोहों बाजूंना खारें पाणी. आंत मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. या विहिरी नसत्या तर तटाची उंची व्यर्थ होती. हीच दृष्टि पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत शब्दबद्ध झालेली दिसते. गड बांधण्यापूर्वीं आधीं पाणी पाहावें, असें त्यांत बजावलें आहे. गडावरील केरकचरा खालीं न लोटतां जागच्या जागीं जाळावा आणि ती राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करावा, अशी सूचना त्यांत आहे. आरमाराला लांकूड हवें असलें तरी आंबा-फणसासारखीं झाडें तोडूं नयेत. तीं एक-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड लागलेंच, तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावें, असाहि त्यांत आदेश आहे. पाणी, केर आणि लांकूड या तीन गोष्टींचा हिशेब ज्या राज्यानें ठेवला, त्यानें घराच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर लिहूनच ठेवलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

कोल्हापूरकरांकडून मालवण १८१२ सालीं इंग्रजांकडे गेलें. त्या शतकांत किनाऱ्यावर आणि त्याच्या पाठीमागच्या वाड्यांतून जें घर रूढ झालेलें दिसतें, तें जांभ्याचें. वाळूच्या पट्ट्यामागें उभे असलेले कातळाचे सडे म्हणजे या दगडाचें कोठार. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या वैद्यानें १८०० व १८०१ या सालांत म्हैसूर-मलबारांतून प्रवास केला, तेव्हां हा दगड पाहून तो चकित झाला होता. जमिनींत असतांना तो लोखंडी हत्यारानें सहज कापतां येतो आणि वारा लागला कीं विटेसारखा कठीण होतो, हें पाहून विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यानें त्याला ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतून तें जगभर गेलें. मालवणच्या चिरेखाणींतील मजुराला हा गुण त्याच्या कितीतरी पूर्वींपासून ठाऊक होता. विटेला भट्टी लागते, भट्टीला जंगल लागतें. चिऱ्याला नुसतें ऊन आणि वारा पुरतो. जाड चिऱ्यांची भिंत दुपारचा ताप आंत येऊं देण्यास वेळ लावते, आणि जुनें घर उतरवलें तर त्याच चिऱ्यांनीं नवें उभें राहतें.

परंतु जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो. आणि या किनाऱ्यावर वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस, तोहि बहुतेक सारा चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून येथील घराचा खरा विचार भिंतीपेक्षां छपरांत झाला. छप्पर तीव्र उताराचें. त्याची वळचण भिंतीच्या पुढें आणि खालीं ओढलेली. ती इतकी, कीं उंच माणसाला वांकूनच ओटीवर चढावें लागे. त्याला कोणी नम्रतेचें लक्षण म्हणो. त्याचें कारण तिरपा पाऊस हें होतें. ओटी आणि पडवी यांच्या कड्यानें मधलें माजघर ऊन, पाऊस व वारा या तिघांपासून राखलेलें असे. जोतें उंच, म्हणून पागोळ्यांचें पाणी आंत येत नसे. आणि जमीन मातीची, चोपून व शेणानें सारवून केलेली, म्हणून अनवाणी पायाला उन्हाळ्यांत ती गार लागे.

स्वयंपाकघराला धुरांडें नसे. चुलीचा धूर माळ्यावरून नळ्यांच्या फटींतून हलके हलके बाहेर पडे. त्या धुरानें वांसे काळे होत, आणि काळ्या वांशाला भुंगा व वाळवी सहसा लागत नसे. माळ्यावरचे नारळ आणि पेंढ्यांत बांधलेलें बियाणें त्याच धुरानें कोरडें राही. घराचें आयुष्य वाढविणारें तें औषध होतें. परंतु तेंच औषध चुलीपुढें बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातींत जात होतें, हेंहि या घराच्या जमाखर्चांत मांडलें पाहिजे.

घराचा अर्धा संसार मात्र भिंतींच्या बाहेर, खळ्यांत चाले. पाऊस ओसरला कीं खळें खणून, भिजवून, चोपून, सारवून नवें केलें जाई आणि त्यावर खांब रोवून झापांचा मांडव पडे. भात झोडणें, सुपारी सोलणें, पाहुण्यांची पंगत, तुळशीचें लग्न हें सारें त्या मांडवाखालीं. उन्हाळ्यांत कोकमाचीं सालें आणि आंब्याचीं साठें खळ्याच्या उघड्या उन्हांत. मृगापूर्वीं मांडव उतरे. त्याच्या धड राहिलेल्या झापा पडवीच्या झडींना लागत. पावसाळा संपला कीं त्या झडी चुलींत जात. चुलींतली राख माडाच्या बुंध्याशीं पडे, आणि माड पुढच्या वर्षाची झावळी देई. एका झावळीनें घराला सावली, आडोसा, अग्नि आणि खत अशी चार रूपें क्रमानें दिलीं, आणि शेवटीं टाकून देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ‘टिकाऊ’ या शब्दाचा हा अर्थ निराळा आहे. येथें एकहि वस्तु फार दिवस टिकत नव्हती. टिकत होता तो क्रम.

असा क्रम हातांवांचून चालत नाहीं. आठवड्याचें सारवण, रोजचें विहिरीचें पाणी, झापा विणणें, नळे परतणें, खळें चोपणें यांचा हिशेब कोठल्याहि वहींत लिहिला गेला नाहीं. त्यांतील मोठा वांटा बायकांचा होता. चिरे कोणी कापले, शेण कोणीं उचललें, दुसऱ्याचें छप्पर शाकारून देणारा स्वतः कसल्या छपराखालीं निजला, हे प्रश्न विचारले तर त्या सुंदर घराच्या मागें जातीचा आणि गरिबीचा एक लांब पट्टा दिसूं लागतो. जुनें घर निसर्गाशीं न्यायानें वागलें. माणसांशीं तें नेहमींच तसें वागलें असें नाहीं.

या घरांत यंत्राची पहिली वस्तु शिरली ती कौलाच्या रूपानें. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन कारागिरानें १८६५ सालीं मंगळूरच्या जेप्पू भागांत, नेत्रावतीच्या कांठीं, कौलांचा कारखाना काढला. नदीची चिकण माती, साच्यांत दाबलेलीं, एकमेकांत अडकणारीं सपाट कौलें. तीं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्यानें वर कोंकणांत येऊं लागलीं. तोंपर्यंत गांवचा कुंभार चाकावर मातीची नळी काढून, तिचे उभे दोन भाग करून अर्धगोल नळे भाजीत असे. ते माकडांच्या उड्यांनीं सरकत, मांजरांच्या धांवपळीनें फुटत, आणि म्हणून दरसाल परतावे लागत. मंगळुरी कौलानें ही मेहनत पुष्कळ कमी केली. त्याबरोबर कुंभाराच्या हातचें एक कामहि गेलें. तरी घराचा स्वभाव त्यानें बिघडविला नाहीं. कौलारू छप्पर पूर्वींप्रमाणेंच श्वास घेत राहिलें. एक कौल फुटलें तर एकच बदलतां येई. आणि घर पडलें तरी धड कौलें दुसऱ्या छपराला चढत. बाहेरून आलेली वस्तु वाईटच असते असें नाहीं. जी मोडल्यावर गांवच्या माणसाला दुरुस्त करतां येते, ती गांवची होऊन जाते.

खरा पालट कौलानें केला नाहीं. तो मुंबईनें केला. गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांनीं कोंकणांतील तरुण हात ओढून नेले, आणि मालवणी मुलखांत ‘चाकरमानी’ हा एक नवा नातलग जन्माला आला. त्याच्या मनिऑर्डरीनें गांवीं चिऱ्यांच्या भिंती चढल्या, मंगळुरी कौलें आलीं. परंतु तो स्वतः शिमग्याला, मे महिन्यांत आणि गणपतीला येणारा पाहुणा झाला. म्हातारीं माणसें होतीं तोंपर्यंत वैशाखांत शिडी लागत राहिली. पुढें कित्येक घरांना वर्षांतले अकरा महिने कुलूप लागूं लागलें. चूल पेटेना, म्हणून धूर नाहीं. धूर नाहीं, म्हणून वाळवी. एक कौल सरकलें तें परतावयास कोणी नाहीं, म्हणून त्याखालचा वांसा कुजला. वांसा कुजला म्हणून पुढच्या पावसांत पाखें बसलें. जें घर रोजच्या राबत्यावर जगत होतें, तें बंद राहून मेलें. अशा मालकानें जेव्हां सिमेंटचें सपाट छप्पर घातलें, तेव्हां त्यानें निसर्गाशीं वैर मांडलें नव्हतें. ‘एकदां घाला आणि कुलूप लावून निर्धास्त जा’ एवढेंच आश्वासन त्यानें विकत घेतलें होतें.

तें आश्वासन खारा वारा पाळूं देत नाहीं. हवेंतील मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आंतील सळईपर्यंत पोहोंचतें. सळई गंजते, गंजून फुगते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडून टाकते. सपाट छपरावर साचलेलें पाणी या कामाला हातभार लावतें. म्हणून आज किनाऱ्यावर पुष्कळ सपाट छपरांवर पत्र्याचें किंवा कौलांचें दुसरें उतरतें छप्पर घातलेलें दिसतें. जुना उतार हद्दपार होऊन पुन्हां माथ्यावर येऊन बसला आहे. शिवाय सिमेंटचा खर्च केवळ मालकच भरत नाहीं. चुनखडी भाजून सिमेंट करतांना जो वायु निघतो आणि जें इंधन जळतें, त्यामुळें जगांतील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्गापैकीं सुमारें सात-आठ टक्के या एका धंद्याच्या नांवें लागतें. तापत्या समुद्रावर वादळें अधिक जोर धरतात, आणि त्या हिशेबाचा एक कागद वाळूच्या पट्ट्यावर राहणाऱ्याच्याच दारीं येऊन पडतो.

मग साधेपणाची वाट उरली कोठें? ती शोधण्याचा एक प्रयत्न याच मुलखांत झाला. कोंकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब, म्हणजे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा. १९३० सालच्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहांत ते होते. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां, भंगीकाम करूं द्यावें म्हणून त्यांनीं अन्न कमी केलें. तें काम एका जातीवर लादलेलें असतां कामा नये, हा त्यांचा आग्रह. आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यास गांधीजींनींहि उपोषण आरंभिलें. पुढें १९४८ सालीं अप्पासाहेबांनीं कणकवलीस, मालवणच्या उत्तरेस समुद्राला मिळणाऱ्या गड नदीच्या कांठीं, गोपुरी आश्रम स्थापला. मैला माती व पालापाचोळा यांखालीं झांकून त्याचें खत करणारा सोपा संडास, मेलेल्या जनावराचें कातडें वायां जाऊं न देणारें चर्मालय, शेण व केर यांचा उपयोग, हे तेथील प्रयोग. आज्ञापत्रांतील राखेपासून या खतापर्यंतची रेघ सरळ आहे. फरक एवढाच, कीं अप्पासाहेबांनीं त्या रेघेवर आणखी एक प्रश्न ठेवला: हें काम करणार कोण? आणि त्याचें उत्तर त्यांनीं स्वतःच्या हातांनीं दिलें. १९७१ सालीं ते गेले.

याच विचाराचें दुसरें टोंक वर्ध्याजवळ सेवाग्रामास दिसतें. गांधीजी तेथें १९३६ सालीं राहावयास गेले. आसपास मिळणारी माती, बांबू व लांकूड आणि गांवचे कारागीर यांच्यावर तेथील कुटी उभ्या राहिल्या. जानेवारी १९७८ मध्यें इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामास आला आणि बापूंच्या कुटींत बसून आपल्याला काय जाणवलें, यावर त्यानें तेथें भाषण केलें. घर आणि सामानाचें गोदाम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें त्याच्या बोलण्याचें सार होतें. गांधीजींची कुटी आणि तारकर्लीची झापेची झोपडी यांचें साहित्य जवळजवळ सारखें. परंतु एकींत माणूस निवडून राहिला आणि दुसरींत नाइलाजानें. हा भेद पुसून जो साधेपणाचा गौरव करतो, तो गरिबीचाच गौरव करून बसतो.

१९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षीं कोंकण रेल्वे सुरू झाली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्लीस सुरूच्या झाडांत कोंकणी धर्तीचीं उतरत्या छपरांचीं निवासस्थानें उभारलीं. खासगी निवासहि वाढले. जें छप्पर गांवकऱ्यानें उतरविलें, तेंच पाहुण्यासाठीं पुन्हां चढलें. यांत थट्टेचा भाग आहे, तसाच लाभाचाहि आहे: हात मुंबईस न जातां गांवींच राहूं लागले, आणि जुनें घर राखण्यास पुन्हां कारण मिळालें. परंतु छपराचा आकार उचलला म्हणजे घराची मर्यादा उचलली असें होत नाहीं. ती मर्यादा दिसते पाण्यांत.

वाळूच्या पट्ट्यांत पावसाचें गोडें पाणी मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, तें हलकें असल्यामुळें, भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. बॅडन खायबेन या डच अभियंत्यानें १८८८-८९ च्या सुमारास आणि हर्झबर्ग या जर्मन संशोधकानें १९०१ सालीं याचें गणित मांडलें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. हें ऐकून आनंद होतो. परंतु तोच हिशेब उलटाहि चालतो. वरची पातळी एक फूट उतरली, कीं खालून खारें पाणी चाळीस फूट वर येऊं पाहतें. कळशीनें अथवा लाटेनें पाणी काढणाऱ्याचा हात दुखे, आणि त्या दुखण्यांतच विहिरीचें रक्षण होतें. विजेच्या पंपाचा हात दुखत नाहीं. एका घराची तहान आणि वीस खोल्यांचीं न्हाणीघरें यांना वाळू एकच पाणी पुरविते. आणि संडासाचा खड्डा त्याच वाळूंत, विहिरीपासून थोड्या अंतरावर असला, तर काय होतें हें सांगावयास नको. मग छप्पर झावळ्यांचें आहे कीं सिमेंटचें, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाहीं.

१६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्याजवळून गुजराथेकडे गेलें. मालवण तालुक्यांत माड व आंब्याचीं झाडें मोडलीं, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. वीज गेली तेव्हां पंप थांबले. ज्या विहिरींवर दोर आणि कळशी शिल्लक होती, तेथें शेजारीपाजारी जमले. देवबागच्या टोकाला समुद्राची धूप तर वर्षानुवर्षें चालूच आहे. अशा वेळीं दगड टाकून लाटा अडविण्याची मागणी होते, आणि ज्याचें घर लाटेच्या तोंडीं आहे त्यानें ती करावी हें स्वाभाविकच आहे. तरी जेथें वाळूचा उंचवटा सपाट झाला नव्हता, वेल, केवडा आणि उंडी जागेवर होतीं, तेथें घराच्या पुढें एक राखणदार आधींपासून उभा असतो, हा जुन्या वस्तीच्या क्रमाचा अर्थ कोणत्याहि वादळाच्या दुसऱ्या दिवशीं स्पष्ट दिसतो.

तेव्हां तारकर्लीस गेलेल्या त्या कुटुंबाच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: इथले लोक तशीं घरें बांधीत नाहींत, कारण तशीं घरें बांधावयाचीं नसतात; राखावयाचीं असतात, आणि राखणारे हात दूर गेले. जुन्या घराची नक्कल करून हें उत्तर बदलणार नाहीं. बदलेल तें त्याचा हिशेब पुन्हां मांडल्यानें. चिरा, जुनीं कौलें आणि लांब वळचण हीं आजहि उपयोगाचीं आहेत. विहिरींतून काढावें त्याहून अधिक पावसाचें पाणी जमिनींत मुरवितां येतें. केराचें व मैल्याचें खत करण्याची रीति कणकवलीस दाखविली गेलेली आहे. आणि चुलीचा धूर पुन्हां कोणा बाईच्या डोळ्यांत न घालतां लांकूड राखण्याचे दुसरे उपाय आतां आहेत. या सगळ्यांत अवघड एवढेंच, कीं वैशाखांत शिडी कोण धरणार हें घर बांधण्यापूर्वीं ठरलें पाहिजे, आणि तें काम पुन्हां ठराविक माणसांच्याच माथीं पडतां कामा नये.

दर पावसाळ्यांत उधाणाची भरती मर्यादवेलीला मागें रेटते. तिच्या कांहीं फांद्या तुटून वाहून जातात, कांहीं वाळूखालीं गाडल्या जातात. आश्विनांत समुद्र निवला, कीं उरलेल्या मुळ्यांना पुन्हां कोंब फुटतात आणि वेल पुन्हां त्याच रेषेपर्यंत येऊन थांबते. तिच्या आंतल्या घरांचेंहि पूर्वीं तसेंच चाले.